सव्वा वाजताची खरखर

१

दुपारी सव्वा वाजता दोर्राच्या फ्रिजवरचा रेडिओ बिघडायचा. रविवार सोडला तर रोज, अगदी नेमाने.

त्या वेळेला कोळ्यांसाठी समुद्राचा अंदाज लागे. एक बाई सावकाश, वरून खाली किनारा वाचत यायची: बिझर्त, हम्मामेत, सूसा, महदिया. महदियाच्या आसपास तिच्या आवाजात पहिली ‘ट्क’ पडायची. मग ट्क-ट्क-ट्क आणि एक जागा रिकामी. पुन्हा ट्क-ट्क-ट्क, पुन्हा एक रिकामी. तीन पायांवर पळणाऱ्या कुत्र्यासारखी ती खरखर वाढत जायची. त्यांचं स्वतःचं स्फाक्स आणि पुढचं गाबेस तिच्यात बुडून जायचे, आणि जेर्बाचं तर नावसुद्धा ऐकू यायचं नाही. तिच्या नवऱ्याने, सहबीने, जुनी फटफटी घेऊन दोन वर्षं झाली होती. तेवढ्या दोन वर्षांत जेर्बाचा समुद्र कसा आहे हे दोर्राला एकदाही कळलं नव्हतं.

खरखर सुरू झाली म्हणजे सहबीची फटफटी गल्लीच्या तोंडाशी आली. इंजिनाचा आवाज अजून बाजाराच्या गलक्यात असायचा, पण प्लगच्या चिरलेल्या टोप्यांतून गळणारी ठिणगी आधीच येऊन रेडिओत बोलायची. दोर्रा शाळेत मुलांना फिजिक्स शिकवायची. मैसाच्या जन्मापासून रजेवर होती. त्यामुळे यात तिला नवल वाटायचं नाही. गंमत मात्र वाटायची. नवरा घरी येतो म्हणून अख्खं आकाशवाणी केंद्र अडखळतं, असं भाग्य किती बायकांना लाभतं?

मग ती दोरी ओढायची. स्वयंपाकघराच्या खिडकीजवळून एक दोरी भिंतीच्या भोकातून खाली देवडीत गेली होती, थेट रस्त्याच्या दाराच्या कडीला. ओढली की कडी उचलायची आणि दार आपल्याच वजनाने आत झुलायचं. हे आधीच करावं लागे, कारण गाडी मिसिंग मारायची. दोन सिलिंडरांतलं एक मधूनच मरायचं. सहबी दारात थांबला की इंजिन बंद पडायचं, आणि ते धूड उंबऱ्यावरून ढकलत आत घ्यावं लागायचं. म्हणून तो न थांबता सरळ देवडीत शिरे, दार पायाने मागे लोटून लावे आणि खालूनच ओरडे, “मैसा, कोण आलं?”

नऊ महिन्यांची मैसा खरखर सुरू झाल्याबरोबर टाळ्या पिटायला लागायची. बापाचा चेहरा ओळखायच्या आधी पोरीने बापाची खरखर ओळखली होती.

किल्ली कुठे असते ते दोघांनाही आठवत नव्हतं. लागलीच कधी नव्हती.

२

टोप्या बदलायचं ठरलं ते दोर्राच्या भीतीमुळे. बाळ झाल्यापासून तिला सगळ्याचीच भीती वाटायची: खिडकीची, उकळत्या पाण्याची, द्राक्षाच्या दाण्याची. स्वतःच्या या भीतीला ती हसायची, आणि हसता हसता द्राक्षं चार तुकड्यांत चिरायची. पण ही भीती खरी होती. सहबी बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात होता. बंदराच्या रस्त्यावर मासळीचे ट्रक धावतात. मागच्या आठवड्यात ऐन चौकात गाडी मेली, आणि मागचा ट्रक वीतभर अंतरावर येऊन थांबला. सहबीने ही गोष्ट हसत सांगितली. दोर्रा त्या रात्री झोपली नाही. एक दिवस सव्वा वाजेल आणि रेडिओ स्पष्ट बोलत राहील, हा विचार डोक्यातून जाईना.

“टोप्या आण,” ती म्हणाली. “मी बसवते.”

गाबेसला तिच्या वडिलांचं गॅरेज होतं. वडील आता नव्हते, पण हात शिकलेले होते.

रविवारी सकाळी देवडीत, तेलाच्या मोठ्या रांजणाशेजारी, ती मांडी घालून बसली. सहबी मैसाला कडेवर घेऊन उभा राहिला आणि तोंडाने मदत करू लागला.

“मास्तरीणबाई, पाना तिकडे आहे.”

“पाना लागत नाही. टोपी पिळून निघते. तू पोरीला सांभाळ, तेवढं जमतं का बघ.”

“बघ मैसा, तुझी आई माझी गाडी सोलतेय. वांगं सोलल्यासारखी.”

जुन्या टोपीला केसाएवढी चीर होती. तिच्या वायरीवर कुणीतरी काळी टेप गुंडाळली होती. त्यांनी नाही, आधीच्या मालकाने. दोर्राने दोन्ही टोप्या पिळून काढल्या, वायरीची जुनाट टोकं बोटभर कापली. आत लखलखीत तांबं दिसलं. नवी टोपी पिळत नेली तशी ती तांब्यात रुतली. मग प्लगवर दाबली. टक्. दुसरीही. टक्.

“मार किक.”

इंजिन सुरू झालं आणि सुरूच राहिलं. एक ठोका चुकत नव्हता. सहबीने रेडिओ खाली आणून गाडीच्या टाकीवर ठेवला. एक म्हातारा गवई कुठलंसं जुनं गाणं म्हणत होता, निर्मळ, एकही काटा नसलेलं.

समोरच्या दारात बदाम फोडत बसलेल्या खाल्ती महबूबाने मान वर केली. सगळ्या गल्लीची ती खाल्ती, म्हणजे मावशी. कुणाच्या घरी काय शिजतं ते तिला वासाआधी कळायचं.

“आता तुला कसं कळणार गं, हा येतोय ते? ताट वाढायचं कधी?”

“मी दारात थांबेन, खाल्ती,” सहबी म्हणाला. “आता गाडी मरत नाही. पाव्हण्यासारखे तीन ठोके मारेन.”

“पाव्हण्यासारखा ये, म्हणजे जरा चांगलंचुंगलं खायला मिळेल.”

सगळे हसले. सहबीने मैसाला दोर्राकडे दिलं आणि गाडीवर बसला. “बंदराच्या फाटकापर्यंत जाऊन येतो. पाच मिनिटं.” जाताना त्याने नेहमीप्रमाणे मागे न बघता डावा हात उंच केला आणि दोनदा मूठ उघडमीट केली. मैसाने उत्तर दिलं. हा त्यांचा रोजचा रामराम होता.

पाच मिनिटांची चाळीस झाली. मग दारावर तीन ठोके पडले, सारख्या अंतराचे.

“कुठे होतास? माझा जीव—”

“एक जण भेटला,” सहबी म्हणाला. त्याने मैसाला घ्यायला हात पुढे केले. मैसा दोर्राच्या मानेत तोंड खुपसून रडायला लागली.

दात येताहेत, दोर्राला वाटलं.

जुन्या टोप्या तिने बटणांच्या डब्यात टाकल्या. टाकून काही द्यायचं नाही, ही आईची शिस्त.

३

सोमवारी सव्वा वाजता बाई महदियाला पोहोचली, आणि ट्क-ट्क-ट्क. एक जागा रिकामी.

दोर्राच्या एका हातात डाव होता. दुसऱ्याने तिने दोरी ओढली. कडी उचलल्याचा आवाज आला. मैसा खुर्चीत टाळ्या पिटत होती. खरखर वाढली, वाढली, खाली देवडीत आली, आणि गाडी बंद केल्यावर थांबते तशी थांबली. पाठोपाठ दार लोटून लागल्याचा आवाज आला.

“हात धुऊन ये रे,” ती म्हणाली, आणि माशाच्या रश्श्यात हरीसा, लाल मिरचीचं वाटण, ढवळता ढवळता थबकली.

टोप्या तर आपण बदलल्या.

तिने कान दिला. सव्वाची खरखर ऐकू आली होती, पण इंजिन ऐकू आलं नव्हतं. पायऱ्यांवर पाऊल वाजलं नाही. कोण आलं म्हणून कुणी ओरडलं नाही.

“सहबी?”

खालची देवडी उन्हाळ्यात थंड आणि काळोखी असते. जिन्याच्या तोंडाशी उभं राहिलं की विहिरीत वाकल्यासारखं वाटतं. ती मैसाला उचलून तिथे उभी राहिली. खाली रांजण दिसत होता, गाडीची रिकामी जागा दिसत होती, आणि लागलेलं दार दिसत होतं.

मैसाने त्या रिकाम्या जागेकडे दोन्ही हात पसरले.

दहा मिनिटांनी ठोके पडले. तीन. दोर्रा खाली गेली आणि तिने कडी काढली. म्हणजे कडी लागलेली होती. दोरीने उघडलेल्या दाराची कडी आतून पुन्हा लावायला आत कुणीतरी असावं लागतं.

“काय झालं?” सहबीने विचारलं.

“वारा,” ती म्हणाली. पान हलत नव्हतं.

जेवताना तो खिडकीकडच्या त्याच्या खुर्चीत बसला नाही. भिंतीकडच्या खुर्चीत बसला. “ऊन येतं,” म्हणाला. खिडकीच्या निळ्या झडपा तर मे महिन्यापासून बंद होत्या.

४

दोर्राने स्वतःची उलटतपासणी घेतली. वर्गात एखाद्या मुलाने असं उत्तर लिहिलं असतं तर तिने काय शेरा मारला असता? ‘कारण द्या.’ कारणं होती. स्फाक्समध्ये माणसांपेक्षा फटफट्या जास्त. दुसऱ्या कुणाची टोपी चिरलेली असेल. दार झुलून आदळलं असेल, कडी आपोआप पडली असेल. आणि ती स्वतः नऊ महिन्यांत सलग चार तास झोपलेली नव्हती. हे शेवटचं कारण सगळ्यांत भक्कम होतं. इतकं भक्कम, की त्याचीच जास्त भीती वाटत होती.

संध्याकाळी ती खाल्ती महबूबाच्या उंबऱ्यावर जाऊन बसली.

“खाल्ती, दुपारी कोण आलं होतं गं आमच्याकडे? सहबीच्या आधी?”

“कोणी नाही.”

“दार उघडलं होतं ना?”

“उघडलं आणि लागलं. मला वाटलं, तुला वारा हवाय.” तिने एक बदाम फोडला, मैसाच्या नाकावर बोटाने टिचकी मारली. “झोपतेस का गं तू? डोळे बघ, दोन कोळसे.”

“झोपते.”

“खोटं बोलतेस. माझ्या चौघांच्या वेळी मी तर भिंतीशी बोलायची. भिंत बरी, उलटून बोलत नाही.”

दोर्रा हसली. घरी येऊन तिने दोरी खिळ्याला दोनदा गुंडाळून गाठ मारली, म्हणजे हात चुकून जाणार नाही.

५

मंगळवारी हात गेला नाही. जायची गरजच पडली नाही.

खरखर गल्लीच्या तोंडाशी सुरू झाली नाही. महदिया म्हणताक्षणी ती एकदम भरभरून सुरू झाली, गाडी देवडीत आल्यावर जशी असायची तशी. दुरून जवळ येणं नाही, वाढणं नाही. आधीपासून आतच असल्यासारखी.

दोर्राचं डोकं चालू राहिलं. भीती वाटली की तिचं डोकं जास्तच चालायचं. अशा रेडिओच्या पोटात अँटेनाची एक काळी कांडी असते. रेडिओ वळवत गेलं की एका ठिकाणी खरखर मरते. तेव्हा कांडीचं टोक जिकडे रोखलेलं असेल, तिकडे खरखरीचं मूळ. हा प्रयोग ती दरवर्षी नववीला करून दाखवायची. मुलं बाकांखाली लपवलेली मोटर शोधायची आणि आरडाओरडा करायची.

तिने फ्रिजवरचा रेडिओ छातीशी धरला आणि हळूहळू वळायला लागली. गल्लीकडे: खरखर. बाजाराकडे: खरखर. महबूबाच्या घराकडे: खरखर. जिन्याकडे वळली, आणि बाईचा आवाज स्वच्छ झाला. “…गाबेस, वारा मंद…”

जिन्यावर काही नव्हतं. दुपारच्या अंधारात पायऱ्या एकेक करून खाली उतरल्या होत्या. मधल्या पायरीपाशी तिची नजर थांबली, आणि तिथून खाली जाईना.

तीन ठोके पडले. त्याबरोबर खरखर तुटली. कुणीतरी श्वास रोखून धरावा तशी.

तिने सहबीला सगळं सांगितलं. तो शांतपणे ऐकत होता. पूर्वी ऐकताना तो मधेच पाच विनोद करायचा.

“रेडिओ लावू नकोस,” तो म्हणाला.

“पण तू इतका—”

“लावू नकोस.” मग तो हसला. सगळे दात दाखवून, थोडं उशिरा.

रागावलाय, तिला वाटलं. घरी आलं की बायको भुतांचं सांगते, कोण रागावणार नाही?

६

बुधवारी तिने रेडिओ लावायचा नाही असं पक्कं ठरवलं, आणि सव्वाला पाच कमी असताना लावला. न ऐकणं जास्त अवघड होतं.

खरखर इतकी मोठी कधीच आली नव्हती. बाईचा आवाज तिच्यात फाटून गेला. आणि तरी चाल तीच होती: तीन ठोके, एक रिकामा. लंगडत, पण घाई नसलेली. मैसा टाळ्या पिटत नव्हती. ती खुर्चीतून एका बाजूला झुकली होती, कुणीतरी घास भरवत असावं तशी तोंड उघडून.

दोर्राने रेडिओ वळवला. तिने कोपरं पोटाशी घट्ट धरली. जिन्याकडे: खरखर. देवडीकडे: खरखर. टेबलाकडे वळली आणि खरखर मेली.

कांडीचं टोक खिडकीकडच्या खुर्चीवर रोखलेलं होतं.

रिकामी खुर्ची. वेताची बैठक, मधोमध दबलेली. सहबीने दोन वर्षांत दाबून ठेवलेली. मैसा त्या खुर्चीकडे झुकली होती.

तीन ठोके पडले.

त्या दुपारी जेवताना दोर्रा नवऱ्याकडे बघत राहिली. त्याने रस्सा संपवला, भाकरी संपवली. हरीसाला हात लावला नाही. हरीसाशिवाय घास न गिळणारा माणूस. हातांना मासळीचा, बर्फाचा वास नव्हता. कसलाच नव्हता. मैसाला त्याने पुन्हा घेऊ पाहिलं आणि ती पुन्हा निळी पडेपर्यंत रडली.

“दातच आहेत,” तो म्हणाला. हे वाक्य दोर्राचं होतं. ती मनात म्हणाली होती, मोठ्याने नाही.

नसेल तसं. म्हणालीही असेल. झोप नसली की काय बोललो ते आठवत नाही.

संध्याकाळी खाल्ती महबूबाने हटकलं. “तुझा नवरा मोठा माणूस झालाय वाटतं. रविवारपासून माझ्या सलामाला उत्तर नाही. नव्या टोप्या गाडीला घातल्यास की त्याला?”

७

रात्रभर दोर्राने एकच विचार केला. तो मूर्खपणाचा होता, पण निदान त्यात काहीतरी करण्यासारखं होतं. सोमवारी दोरी तिने ओढली होती. जे काही आत आलं, ते तिने आत घेतलं होतं. रोज ते एक पायरी वर येत होतं, बाळाच्या जवळ. आत येण्याची वाट तिने दिली तशी बाहेर जायचीही तिनेच द्यायला हवी. यात विज्ञान नव्हतं. पण दार उघडंच नसेल तर माणूससुद्धा जाणार कुठून?

गुरुवारी तिने गाठ सोडली, मैसाला घट्ट कडेवर बांधलं आणि रेडिओ लावला.

महदिया. ट्क-ट्क-ट्क.

ती खिडकीकडच्या खुर्चीसमोर उभी राहिली. जवळ जायची हिंमत झाली नाही.

“तुम्ही जे कोण असाल,” ती म्हणाली. आवाज शाळेतला निघाला, पहिल्या दिवसाच्या तासाचा, उगाच चढलेला. “चूक माझी झाली. मी बोलावलं. पण घरात लहान मूल आहे. तुम्ही जा.”

खरखर होती तशीच राहिली. वेताची बैठक करकरली. माणूस उठतो तेव्हा करकरते, तशी.

दोर्राने दोरी ओढली.

खरखर जरा घुटमळली. तीन ठोके, एक रिकामा. मग पुन्हा तीन, आणि रिकामी जागा लांबली, जणू कुणी काही विचारायला थांबलं होतं. “जा,” ती पुन्हा म्हणाली, आणि तिला रडू फुटलं. मग खरखर जिन्याकडे सरकली, खाली उतरली, देवडीतून दाराबाहेर पडली आणि मंद होत होत गल्लीने निघाली.

मैसाने किंकाळी फोडली. भीतीची नाही. मूल मागे टाकून कुणी निघालं की ते फोडतं तशी.

दोर्राने निळी झडप बोटभर उघडली.

गल्लीत पांढरं ऊन होतं. उन्हात, आवाज न करता, एक फटफटी जात होती. चालवणाऱ्याची पाठ तिला दिसली. घामाने काळा पडलेला निळा सदरा. डावा खांदा थोडा खाली, इंजिनाचा चुकणारा ठोका ऐकायला झुकावा तसा. गाडीच्या पोटाशी वायरीला काळी टेप गुंडाळलेली. ती टेप दोर्राने रविवारी कापून टाकली होती. तिच्यासकट टोप्या बटणांच्या डब्यात होत्या.

गल्लीच्या वळणावर त्याने मागे न बघता डावा हात उंच केला आणि दोनदा मूठ उघडमीट केली.

कडेवर मैसाने हुंदके देत आपली मूठ उघडली, मिटली. उघडली, मिटली.

मग वळणावर फक्त ऊन उरलं.

८

तोवर दोर्राने एकच प्रश्न विचारला होता: आत कोण आलं? रोज त्याच्यानंतर दहा मिनिटांनी दार ठोठावून येणारा कोण, हे तिने एकदाही विचारलं नव्हतं.

आणि आत्ताच, आपल्या हाताने, दोरी ओढून—

आता तिला ते घर आठवलं. दोन वर्षांपूर्वी दोघं महरेसला ही गाडी घ्यायला गेले होते ते. मालकाने त्यांना मागच्या परसातून आत नेलं होतं, कारण पुढच्या दाराला आतून तेलाचा रांजण लावलेला होता. आत एक बाई बसली होती, मालकाची वहिनी, गाडी मुळात तिच्या नवऱ्याची; मांडीवर रेडिओ, आवाज पूर्ण मोठा. तिने यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. परतताना सहबी म्हणाला होता, “बिचारी बहिरी दिसतेय.” आणि दोघं हसले होते.

ती बहिरी नव्हती. ती वाट बघत होती.

दोर्रा जिना उतरली नाही, कोसळली. दार अजून उघडं होतं. गल्लीच्या दुसऱ्या टोकाकडून एक इंजिन येत होतं, गुळगुळीत, एक ठोका न चुकणारं. तिने दार लोटलं, कडी घातली. मैसाला पाठीवर सरकवून तिने रांजणाला खांदा लावला. तो हलेना. मग हलला, फरशीवर दात खात, वीत-वीत करत दाराला जाऊन भिडला.

इंजिन दारात थांबलं. तीन ठोके पडले, सारख्या अंतराचे.

ती वर गेली, झडपेला तोंड लावून हळू आवाजात म्हणाली, “खाल्ती. खाल्ती महबूबा. माझ्या दारात कोण आहे?”

“कोण म्हणजे? तुझा नवरा.” समोरून बदाम फुटल्याचा आवाज आला. “दार उघड की, उन्हात उभा आहे.”

“काय करतोय?”

“काय करणार? उभा आहे. दाराला तोंड लावून.” पुढचा बदाम फुटला नाही. “दोर्रा, एवढ्या उन्हात याला घाम कसा नाही गं?”

तीन ठोके.

“दोर्रा,” खालून आवाज आला. सहबीचाच, अगदी सहबीचा, फक्त घाई नसलेला. “मैसा. कोण आलं?”

मैसा ओठ मिटून गप्प राहिली.

दोर्राने रेडिओ मांडीवर घेतला आणि आवाजाची चकती शेवटपर्यंत फिरवली. सव्वाचा अंदाज केव्हाच संपला होता, पण दीड वाजता समुद्रावरच्या बोटींसाठी तो पुन्हा एकदा वाचतात, अधिक सावकाश. त्या वेळी घरात जेवणं चालू असायची, म्हणून तिने तो कधी ऐकलाच नव्हता. आता ती ऐकत होती. तिने दोरी मुठीत धरली, डोळे मिटले आणि एका ‘ट्क’साठी, फक्त एका चुकलेल्या ठोक्यासाठी, कान ताणले.

बिझर्त. हम्मामेत. सूसा. महदिया.

स्फाक्स, समुद्र शांत. गाबेस, समुद्र शांत.

दारावर ठोके पडत होते. बाई वाचत होती, एकही अक्षर न अडखळता.

जेर्बा, ती म्हणाली, समुद्र शांत.